रोजच्या पंजाबीचा खर्च: कुठे पैसे मोजावेत, कुठे हात आखडता घ्यावा

लेकीचा साखरपुडा झाला आणि आठवड्याभरात लुधियान्याहून विहीणबाईंचा फोन आला. मी स्पीकर सुरू केला. शेजारी वन्सं बसल्या होत्या. पलीकडून फार प्रेमाने निमंत्रण आलं, "तुसीं साडे पिंड ज़रूर आइओ जी!" वन्सं दचकल्याच. "अगं, शुभकार्याच्या तोंडावर पिंड कसले?" पंजाबीत पिंड म्हणजे गाव, हे आम्हाला जावईबापूंनी नंतर सांगितलं. त्याच फोनमध्ये 'काका' आल्याचंही कळलं. मी अदबीने काकांची तब्येत विचारली. काका म्हणजे विहीणबाईंचा आठ वर्षांचा नातू निघाला. पंजाबीत लहान मुलाला काका म्हणतात.

लग्नाला चार महिने होते. तेवढ्यात चार वाक्यं बोलण्याइतकी पंजाबी शिकायची, असं मी ठरवलं आणि पैसे टाकायला सुरुवात केली. लग्नानंतर वहीत बेरीज केली तर १३,९८० रुपये गेले होते. त्यातले ९,४८० रुपये गेले नसते तरी माझी पंजाबी आज आहे तेवढीच असती. हा लेख त्या बेरजेतून निघाला. तुम्हाला मुलांच्या सासरसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा यात्रेसाठी रोजच्या वापराची पंजाबी हवी असेल, तर माझ्या वहीचा उपयोग करून घ्या.

आधी ठरवा, पंजाबी कोणाशी बोलायची

खर्च यावर ठरतो. मोहालीच्या आयसरमध्ये किंवा रोपडच्या आयआयटीत शिकायला जाणाऱ्या मुलाला मेस, रिक्षा आणि बाजारापुरती भाषा लागते. बाकी वेळ हिंदी-इंग्रजीवर निघतो. सोयाबीन किंवा गव्हाच्या काढणीला पंजाबातून हार्वेस्टर येतात, तेव्हा त्यांच्या चालकांशी एकराचा दर आणि वेळ ठरवणाऱ्या शेतकऱ्याला आकडे आणि दहा-बारा क्रियापदं पुरतात. अमृतसरच्या यात्रेसाठी पंधरा वाक्यं भरपूर झाली. या तिघांनीही खिशात हात घालायची गरज नाही.

पैसे खर्च करण्यात अर्थ आहे तो दोघांसाठी. एक, ज्यांचं नातं पंजाबी घराशी जुळलं आहे. दोन, ज्यांना पंजाबात राहून रोज माणसांशी बोलायचं आहे. पंजाबी जवानांच्या पलटणीत रुजू होणारा मराठी अधिकारी यातच आला. पंजाब सरकारच्या नोकरीसाठी दहावीच्या पातळीची पंजाबी लागते, तिथे लेखी परीक्षेचा मामला आहे. तो रस्ता वेगळा, त्याचा खर्चही वेगळा. हा लेख फक्त बोलण्यापुरता.

घरचं भांडवल मोजा

कोणताही वर्ग लावण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघा. मराठी माणसाला थोडीफार हिंदी येते, म्हणून निम्मी पंजाबी फुकटात समजते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिंदीकडे नसलेल्या काही गोष्टी मराठी आणि पंजाबी या दोघींकडे आहेत, त्या कुठल्याच वर्गात मला कुणी सांगितल्या नाहीत.

हिंदीवाला 'पानी' म्हणतो. पंजाबीत 'पाणी'च आहे. कोण म्हणजे 'कौण'. आपला 'ण' तिथे ठणठणीत नांदतो. 'ळ'ही बोलण्यात आहे. हिंदीत 'बीस', पंजाबीत 'वीह', आपल्याकडे वीस. इथे म्हणजे 'एत्थे', चांगलं म्हणजे 'चंगा', जावई म्हणजे 'जवाई'. तुम्हीला 'तुसीं', आम्हीला 'असीं'. आपल्या चा-ची-चे च्या जागी दा-दी-दे ठेवा: 'रामदा घर', 'रामदी गड्डी'. हिंदी शिकताना मराठी माणूस 'मैंने' विसरतो आणि 'मैं खाना खाया' म्हणून हसं करून घेतो. पंजाबीत नेमकं तेच बरोबर आहे. 'मी भाकरी खाल्ली' हे 'मैं रोटी खाधी' असं जसंच्या तसं उतरतं. शिवाय नपुंसकलिंग नाही, म्हणजे ते टेबल की तो टेबल ही भानगडही नाही.

आणखी एक किल्ली. मराठीत जिथे लांब स्वर आणि एक व्यंजन असतं, तिथे पंजाबीत बहुधा आखूड स्वर आणि जोड व्यंजन येतं. सात-सत्त, आठ-अट्ठ, हात-हत्थ, नाक-नक्क, कान-कन्न, काम-कम्म, आज-अज्ज, दूध-दुद्ध. एका संध्याकाळी वहीत असे पन्नास शब्द सहज निघतात. हा शब्दसंग्रह तुमचा आहे, तो विकत घेऊ नका.

मात्र ओळखीचे दिसणारे काही शब्द दगा देतात. पिंड आणि काका सांगितले. 'ताई' म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लुधियाना-भटिंड्याकडच्या माळवा भागात मित्राला, भावाला 'बाई' किंवा 'बाई जी' म्हणतात. दाढीवाल्या सरदारजींना कुणी बाई म्हणून हाक मारली तर हसू आवरा. 'वेचणा' म्हणजे विकणं. आणि 'घट्ट' म्हणजे कमी. मी ढाब्यावर घट्ट लस्सी मागितली आणि अर्धा ग्लास मिळाला.

अडतं कुठे? सुरात

मग पैसे कशासाठी लागतात? सुरासाठी. पंजाबी ही सुराची भाषा आहे. एकच शब्द आवाज चढवून, उतरवून किंवा सपाट म्हटला की अर्थ बदलतो. नेहमीचं उदाहरण तीन शब्दांचं: चाबूक, कुष्ठरोगी माणूस आणि घोडा. सपाट 'कोड़ा' म्हणजे चाबूक, चढत्या सुरातला कुष्ठरोगी, आणि सुरुवातीला खाली दाबून म्हटलेला घोडा. लिहिताना घोड्याला 'घ' लिहितात, पण तोंडातून येतो तो 'क'च्या जवळचा आवाज आणि आवाजाचा उतार.

नियम असा की शब्दाच्या सुरुवातीला घ, झ, ढ, ध, भ आले की ते क, च, ट, त, प सारखे होतात आणि पुढचा स्वर खाली जातो. 'भैण' म्हणजे बहीण, ऐकू येतं 'पैण'. 'घर' ऐकू येतं 'कर'सारखं. शब्दाच्या शेवटचा 'ह' बहुधा गळतो आणि जाताना सूर चढवून जातो, म्हणून 'चाह' लिहिलेला चहा ऐकू येतो उंच आवाजातला 'चा'.

हे वाचून कळतं, पण तोंडात बसत नाही. तुम्ही 'घोडा' म्हणालात की "असं नाही" म्हणणारं माणूस समोर लागतं. दुकानात त्याला पर्याय मिळत नाही, आणि तुमचा खर्च व्हायचा तर तो इथेच व्हावा.

शून्य रुपयांत काय काय मिळतं

पहिले दोन-तीन आठवडे एक रुपयाही खर्च करू नका. पुढच्या गोष्टी फुकट आहेत.

*भाषा संगम:* केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचं ॲप. घटनेतल्या २२ भाषांमधली रोजच्या वापरातली शंभरावर वाक्यं आवाजासकट मिळतात, त्यात पंजाबीही आहे. सुरुवातीची ओळख करून घ्यायला याहून सुटसुटीत काही नाही.

*फिफ्टी लँग्वेजेस:* यात मराठी आणि पंजाबी दोन्ही आहेत, म्हणजे मराठीतून पंजाबी अशी जोडी लावता येते. एकूण १०० छोटे पाठ. वाक्यं थोडी पुस्तकी आहेत, पण आवाज खऱ्या माणसांचे.

*पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचं ऑनलाइन शिक्षण:* हे विद्यापीठ १९६२ साली भाषेच्याच नावाने स्थापन झालं. त्याच्या संकेतस्थळावरचे धडे अक्षरओळखीपासून सुरू होतात.

*पंजाब शालेय शिक्षण मंडळाची पुस्तकं:* पहिली-दुसरीची पंजाबी पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. चित्रं मोठी, वाक्यं छोटी.

*आकाशवाणी:* न्यूजऑनएअर ॲपवर जालंधर केंद्र लागतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही. तरी स्वयंपाक करताना लावून ठेवा. आठ दिवसांत शब्द सुटे ऐकू येऊ लागतात.

*गूगल ट्रान्सलेट:* गुरुमुखीतली पंजाबी आहे, २०२४ पासून पाकिस्तानात वापरली जाणारी शाहमुखी लिपीही आली. एखादा शब्द अडला तर ठीक. पण आदराचं बोलणं तपासून घ्या, विहीणबाईंना 'तूं' गेलं तर पंचाईत.

गाण्यांबद्दल एक सावधगिरी. पंजाबी गाणी ऐकून भाषा येईल असं सगळे सांगतात. गाण्यांतून ठेका येतो, शब्दही येतात. पण त्यातली गाडी, दारू आणि दुष्मनीची भाषा सासरी चालत नाही.

लिपी शिकायची का?

फक्त फोनवर बोलायचं असेल तर नाही. पंजाबात जाणार असाल तर हो, कारण एसटीसारख्या बसच्या पाट्या आणि दुकानांची नावं गुरुमुखीत असतात. सोळाव्या शतकात दुसरे गुरू, गुरू अंगद देव यांनी या लिपीला आजचं वळण दिलं. मूळ अक्षरं ३५, म्हणून तिला 'पैंती' म्हणतात. पुढे काही अक्षरांखाली टिंब देऊन नवी अक्षरं आली. देवनागरी येणाऱ्याला रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवस पुरतात. एकच खड्डा लक्षात ठेवा: गुरुमुखीतला 'स' दिसायला आपल्या 'म'सारखा आहे. मी पहिल्या दिवशी 'सरसों'ला 'मरमों' वाचलं.

लिपीसाठी वर्ग लावू नका. गुरुमुखीचा 'कायदा', म्हणजे आपल्या अंकलिपीसारखं पातळ पुस्तक, शंभर रुपयांच्या आत मिळतं. त्यातलं 'बाल उपदेश' हे नाव पंजाबी घरांत सगळ्यांच्या ओळखीचं.

पुस्तकं: एक पुरे

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी दोन नावं. पंजाबी विद्यापीठाने काढलेलं हरदेव बाहरी यांचं 'टीच युअरसेल्फ पंजाबी', आणि रूटलेजच्या मालिकेतलं मंगतराय भारद्वाज यांचं 'कलोक्विअल पंजाबी'. पहिलं भारतीय किमतीचं. दुसरं परदेशी किमतीचं, पण त्याचे ध्वनिपाठ प्रकाशकाने संकेतस्थळावर मोकळे ठेवले आहेत. पुस्तक न घेताही ते ऐकता येतात. माझा कायदा, वही आणि एक पुस्तक मिळून ५०० रुपये झाले आणि ते वसूल झाले.

ॲपचं सशुल्क सदस्यत्व: माझी पहिली चूक

२,४०० रुपये, वर्षासाठी. रोज पाच मिनिटं चित्रं जुळवायची, बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या. पन्नास दिवस सलग टाळ्या मिळवल्यावर विहीणबाईंना फोन केला आणि "की हाल है जी?" नंतर माझी गाडी बंद पडली. ॲपला उत्तर द्यायची सवय झाली होती, माणसाला नाही.

घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको. फुकट चाचणीच्या वेळी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितलं, तर त्याच दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये आणि यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती परवानगी कुठे रद्द करायची ते पाहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप वळती होणारी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

वर्ग की शिक्षक? बोलण्याच्या मिनिटाचा दर काढा

माझी मोठी चूक ही. एका ऑनलाइन वर्गाला २४ तासांचे ६,००० रुपये भरले. वर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. जाहिरातीत कर लिहिला नव्हता. वर्गात आठ जण होतो. पहिला महिना मुळाक्षरांत गेला. नंतर गुरुबाणीतले उतारे आले. ते ऐकायला गोड, पण गुरू ग्रंथ साहिबची भाषा ही आजच्या बाजारातली पंजाबी नव्हे. तिच्यात संतांच्या अनेक बोली मिसळल्या आहेत. आपल्या नामदेवांचीही ६१ पदं त्या ग्रंथात आहेत. ज्ञानेश्वरी वाचून दादरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, तसंच ते. पैसे परत मागितले तर 'नियमात नाही' असं उत्तर आलं.

तेव्हा मी भागाकार केला. एका तासाची ६० मिनिटं, त्यातली निम्मी शिक्षकाची. उरलेली ३० आठ जणांत वाटली, तर वाट्याला पावणेचार मिनिटं येतात. चोवीस तासांत ९० मिनिटं. ७,०८० भागिले ९०. म्हणजे माझ्या बोलण्याच्या प्रत्येक मिनिटाला जवळपास ७९ रुपये पडले.

नंतर एका निवृत्त शिक्षिकेकडे एकटीने शिकले. ताशी ४०० रुपये, व्हिडिओ कॉलवर अर्ध्या-अर्ध्या तासाची वीस सत्रं, एकूण ४,०००. निम्मा वेळ मी बोलत होते असं धरा. ३०० मिनिटं झाली. मिनिटाला १३ रुपये. शिवाय 'घ' चुकला की तिथल्या तिथे कान धरला जायचा. ॲपवर मी माणसाशी बोलले शून्य मिनिटं. शून्याने भागता येत नाही, म्हणून तो दर वहीत रिकामा ठेवला.

हे दर माझे. तुमच्या ओळखीतला शिक्षक तीनशे घेईल, एखाद्या आंतरराष्ट्रीय मंचावरचा डॉलरमध्ये सांगेल. दर कोणताही असो, हाच भागाकार करा: एकूण फी, भागिले तुमच्या तोंडून पंजाबी निघेल ती मिनिटं. घरात दोघांना शिकायचं असेल तर एकच तास दोघांनी वाटून घ्या. प्रत्येकाचा मिनिटाचा दर तोच राहतो आणि सत्र संपल्यावर जेवणाच्या टेबलावर सराव चालू राहतो.

सगळ्यात स्वस्त सौदा अदलाबदलीचा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत पंजाबी मुलं असतात आणि त्यांना रिक्षावाल्याशी, घरमालकाशी बोलायला मराठी हवी असते. अर्धा तास तुमची, अर्धा तास त्यांची. पोह्यांचा खर्च तेवढा धरा.

पैसे देण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. पहिलं सत्र फुकट किंवा एकट्या सत्राच्या दराने मिळेल का?
२. एका सत्रात मी स्वतः किती वेळ बोलणार? "ते बघू" असं उत्तर आलं तर पुढे जा.
३. कोणत्या भागाची बोली शिकवणार? अमृतसरकडची 'माझी' नावाची बोली प्रमाण मानतात. लुधियाना-पतियाळ्याकडे माळवई, जालंधर-होशियारपूरकडे दोआबी. फरक समजुतीआड येण्याइतका नाही, पण तुमचं नातं जिथे आहे तिथली बोली कानावर पडलेली बरी.
४. पाठ्यक्रम बोलण्याचा आहे की धर्मग्रंथ वाचण्याचा? दोन्ही चांगले, पण पावती एकाचीच फाडा.
५. उच्चार सुधारून द्याल का, आणि व्हॉइस नोटवर सराव तपासाल का?
६. फी करासह आहे की कर वेगळा?
७. सत्र चुकलं किंवा मधेच सोडलं तर पैशांचं काय? उत्तर लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर.

चार सत्रांहून जास्त पैसे आगाऊ देऊ नका. 'आजच भरा, पन्नास टक्के सूट' असं घड्याळ लावून सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून बघा. सूट बहुधा तिथेच असते. प्रमाणपत्रासाठी जास्तीचे पैसे मागितले तर नाही म्हणा. ते फ्रेममध्ये लावून विहीणबाईंना दाखवणार आहात का?

गुरुद्वारा: सराव फुकट, पण वर्ग समजून जाऊ नका

दादर, खार, मुलुंड, पुण्यातलं कॅम्प, आकुर्डी. महाराष्ट्रात गुरुद्वारे आहेत आणि लंगर सगळ्यांना खुला असतो. मुंबईत सायनजवळ गुरू तेग बहादूर नगर आहे, तिथे फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबं वसली. मराठवाड्यातल्या वाचकांना तर पंजाब दारातच आहे. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, तिथलं हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. पंजाबातून वर्षभर यात्रेकरू येतात, त्यांना वाट दाखवतानाही सराव होतो.

डोकं झाका, चपला काढा, पाय धुवा. रुमाल नसेल तर तिथे मिळतो. पंगतीत पोळी वाढायला येणारा 'परशादा जी' म्हणतो, तेव्हा दोन्ही हात पुढे करून घ्यायची. पाण्याला 'जल जी'. जेवून उठून जाऊ नका. भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसा. पोळपाटावर बसलेल्या बायका तुमची पंजाबी फीशिवाय सुधारतात आणि मराठी चपाती किती पातळ असते यावर चर्चाही करतात. काही गुरुद्वाऱ्यांत मुलांसाठी रविवारी किंवा सुट्टीत गुरुमुखी शिकवतात. तिथे मोठ्यांना बसू देतात का, ते तिथल्या ग्रंथींना, म्हणजे ग्रंथपठण करणाऱ्यांना, विचारा. त्याचे पैसे मागत नाहीत. दानपेटीत मनाला येईल ते टाका.

प्रवासाचा खर्च धरायचा का?

भाषेसाठी म्हणून पंजाबला जाऊ नका. जाणारच असाल तर भाषा घेऊन या. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस, मुंबईहून पश्चिम किंवा गोल्डन टेंपल मेल अमृतसरला जाते. स्लीपरचं भाडं हजाराच्या आत, थ्री एसीचं दोन हजारांच्या आसपास. विमानाने गेलात तर वेळ वाचतो, पण दीड दिवसाचा फुकट वर्ग बुडतो. सचखंडमध्ये वाटेत लंगरही मिळतो. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान जमलं तर जरूर बघा. नामदेवांच्या वास्तव्याचं हे गाव, म्हणून २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तिथे भरलं होतं. तिथल्या माणसांना 'मैं महाराष्ट्र तों आई हां' एवढं सांगितलं तरी चहा येतो.

तीन अंदाजपत्रकं

*यात्रेकरू, विद्यार्थी, शेतकरी:* तीन आठवडे, रोज अर्धा तास. भाषा संगम, आकाशवाणी, आकड्यांचा सराव. खर्च शून्य.

*बसची पाटी वाचणारा:* वरचं सगळं, शिवाय कायदा, वही आणि एखादं पुस्तक. सहा आठवडे. खर्च ५०० रुपयांपर्यंत.

*नातेवाईक आणि पंजाबात राहायला जाणारे:* पहिले तीन आठवडे फुकटातलं सगळं उरकायचं. मगच शिक्षक, कारण ताशी ४०० रुपये देऊन एक-दोन-तीन शिकणं परवडत नाही. अर्ध्या तासाची वीस सत्रं, आठवड्यातून दोन. एकूण तीन महिने. खर्च ४,५०० रुपयांच्या आसपास. मला हेच पुरलं असतं.

फसवणूक वाटली तर

आधी लेखी तक्रार त्या संस्थेकडे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. सदस्यत्व घेताना एक बटण आणि सोडताना भुलभुलैया, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांमध्ये धरलं आहे. जाहिरात, पावती आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. मी ठेवले नव्हते.

कापून फ्रिजवर लावा

सत श्री अकाल जी: नमस्कार. हिंदू घरात नमस्ते, वडीलधाऱ्यांना 'पैरीं पैणा'.
की हाल है जी?: कसं काय? उत्तर, 'वधीआ जी'.
मैनूं थोड़ी थोड़ी पंजाबी औंदी है: मला थोडी थोडी पंजाबी येते.
हौली बोलो जी: हळू बोला. हे पाठच करा.
फेर दस्सो जी: परत सांगा.
एह किन्ने दा है?: हे केवढ्याला?
खब्बे, सज्जे, सिद्धा: डावीकडे, उजवीकडे, सरळ.
मिर्च घट्ट पाइओ: तिखट कमी घाला.
बस जी, रज्ज गई: बस, पोट भरलं. पुरुषाने 'रज्ज गिआ'. पंजाबी घरात हे वाक्य तीनदा म्हणायची तयारी ठेवा.
प्रत्येक वाक्याला 'जी' लावा. 'हां'पेक्षा 'हांजी', 'नहीं'पेक्षा 'नहीं जी'.

लग्नाच्या दिवशी वरात निघायची होती आणि नवरदेवाची घोडी दारात उभी होती. मी मोठ्या हौसेने पंजाबीत म्हटलं की घोडी छान सजली आहे. आठ वर्षांचा काका माझ्याकडे बघून खो-खो हसला. मी आपला मराठी 'घ' ठणकावून लावला होता. त्याने माझा हात धरला, आणि वरात मांडवात पोचेपर्यंत मला तो एक शब्द म्हणायला लावत राहिला. बँडच्या आवाजात त्याचं समाधान होईना. शेवटी मांडवाच्या दारात एकदाचा तो मान हलवून म्हणाला, "हुण ठीक!" मग हात पुढे केला. कुल्फी चाळीस रुपयांची होती. ती मी बेरजेनंतर वहीत शिक्षणखर्चातच लिहिली आहे.